मराठीसाठी पाच दाबा

"काकू, तुमचं मूळ गाव कोणतं हो?" सृष्टीने हेडफोनचा माइक ओठांजवळ ओढून विचारलं. हा तिचा हुकमी प्रश्न. दिल्लीत चाळीस वर्षं काढलेला मराठी माणूससुद्धा या प्रश्नाला विरघळतो, हे तिने सहा महिन्यांत ताडलं होतं. समोरच्याने गाव सांगितलं की सृष्टीचं आजोळ नेमकं त्याच्या शेजारी निघायचं. मग तणतणत फोन केलेला माणूस मुलाबाळांच्या गप्पा मारू लागे आणि आणखी दोन वर्षांच्या प्लॅनला हो म्हणून फोन ठेवी.

"मिरजेजवळचं," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "पण आता कसलं गाव घेऊन बसलीस? हे गेले आणि सगळंच संपलं."

नोएडाच्या त्या कॉल सेंटरमध्ये सृष्टीचं काम एवढंच होतं. घरचा फोन आणि ब्रॉडबँड तोडून दुसऱ्या कंपनीकडे निघालेल्यांना अडवायचं. प्रेमाने अडले नाहीत, तर मुदतीआधी सोडण्याच्या दंडाची भीती घालायची. दंड माफ होण्याचे नियमही होते, पण ते आपल्या तोंडाने सांगायचे नाहीत. गिऱ्हाइकाने स्वतः नियम काढला तरच मान्य करायचं. जी सांगेल तिला त्याच दिवशी घरी पाठवत.

सृष्टीचं प्रोबेशन आज संपत होतं. संध्याकाळी सहाला कायम झाल्याचं पत्र हातात पडणार होतं. बाबा रिटायर झाले, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी घर सुटलं, आईबाबा नागपूरला गेले. जाताना बाबांनी बजावलं होतं की पत्र मिळालं तर राहा, नाहीतर सामान बांधून ये, मुलगा बघून ठेवलाय. ते पत्र म्हणजे सृष्टीची दिल्ली होती.

बाईंचं नाव वृंदा. राहायला गाझियाबादला. नवरा जाऊन दोन महिने झाले होते, कनेक्शन त्यांच्याच नावावर होतं. सोसायटीतल्या सगळ्यांनी दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं घेतलं होतं. "काल तुमचा माणूस म्हणाला, दंड भरा. माझी पेन्शन अजून सुरू व्हायचीय गं."

"काकू, तुम्ही आमच्याकडेच राहा ना. मी तुम्हाला एकदम बढिया ऑफर देते," सृष्टीने पाठ केलेलं म्हटलं. "माझं आजोळ पण मिरजेजवळच आहे."

"हो? म्हणजे आपलीच की तू! आवाज किती दमलाय तुझा. जेवलीस का, बाळा?"

सृष्टीचे हात कीबोर्डवर थांबले. चार महिने ती पीजीत राहत होती. तिथे सगळं हिंदीत चाले. मराठी उरली होती ती फक्त माणसं जाळ्यात ओढायला. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"काकू, खोटं बोलले मी. माझं आजोळ अकोल्याला आहे. मिरज मी बघितली पण नाहीये."

"असू दे गं. पोटासाठी बोलावं लागतं."

सृष्टीने मान वळवून पाहिलं. टीम लीडर चौहान लांब उभा होता. कॉल रेकॉर्ड व्हायचे, पण रोजच्या हजारोंमधला हाच कोण ऐकणार? आणि चौहानला मराठीचं ओ का ठो कळत नव्हतं.

"ऐका, दंड एक पैसा भरू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "ज्यांच्या नावावर कनेक्शन असतं ते गेले, तर दंड लागतच नाही. मृत्यूचा दाखला पाठवा आणि हा नियम तुम्हीच सांगा. फक्त माझं नाव नका घेऊ."

"तुझं नाव मी देवापुढे घेईन. पूर्ण नाव सांग बरं."

सृष्टीने आडनावासकट सांगितलं. एक गिऱ्हाईक हातचं गेलं, पण दिवसभर तिला फार हलकं वाटत राहिलं.

सहा वाजता चौहानने तिला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. तिथे पन्नाशीच्या एक बाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. गळ्यात गुरगावच्या हेड ऑफिसचं ओळखपत्र होतं.

"बस गं," त्या म्हणाल्या. "मी वृंदा. क्वालिटी डिपार्टमेंट."

आवाज तोच होता. सृष्टी खुर्ची ओढून बसली. "काकू, तुमचे मिस्टर…"

"ठणठणीत आहेत." वृंदाबाईंनी दोन कागद पुढे सरकवले. एक कामावरून कमी केल्याचा होता. दुसरा नेमणुकीचा, गुरगावचा, कायम. "गिऱ्हाईक बनून फोन केला की नियम सांगून टाकणाऱ्या मला रोज भेटतात. पण तुझ्याशी बोलताना घटकाभर मलाच माझं दुःख खरं वाटायला लागलं. पुण्याच्या सेंटरमध्ये अनुष्का म्हणून एक नवी मुलगी आहे. तिथे माझा आवाज आता ओळखतात. मला नवा आवाज हवाय. आत्ता तिला तसाच एक कॉल करून दाखव, मग कुठला कागद घ्यायचा ते बघू."

"सोच लो," चौहान घड्याळाकडे बघत म्हणाला.

टेबलावर पाणी होतं, ते सृष्टी घोटभर प्यायली. मग फोन जवळ ओढला, वृंदाबाईंनी दाखवलेला पुण्याचा नंबर लावला, आणि मराठीसाठी पाच दाबलं.

"नमस्कार, मी अनुष्का बोलतेय. काय मदत करू आपली?"

"ताई, कनेक्शन माझ्या बाबांच्या नावावर होतं," सृष्टी म्हणाली, आणि तिला रडू आणावं लागलं नाही.