मागच्या पायरीची शिक्षा

"सर, मी वाचून न्हाई आले," शितल उभी राहून म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत वही उचलून दाराकडं निघालीसुद्धा.

रोहिदास सरांच्या हातातला खडू थांबला. शिक्षा भोगायला इतक्या उत्साहानं निघालेली पोरगी त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती.

सरांचा नियम वडगाव रासाईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. दहावीच्या वर्गानं विज्ञानाचा रोजचा धडा आधीच घरून वाचून यायचा. जो तयारीविना येईल त्यानं तास संपेपर्यंत वर्गामागच्या पायरीवर बसून तो लिहून काढायचा. नियम कडक होता आणि त्याला कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी सरांची स्वतःची मुलगी, नीलम, दहावीला नेमकी विज्ञानातच नापास झाली. पारावर लोक पोट धरून हसले. सरांनी तिची पुस्तकं रद्दीत घातली, तिला स्वयंपाकघर दाखवलं आणि सगळा जीव वर्गात ओतला. घरात झालं ते झालं, वर्गात तरी कुणी कच्चं राहता कामा नये.

पण अलीकडं कुठंतरी पाणी मुरत होतं. रोज एकच विद्यार्थी तयारीविना यायचा, कधी दोन नाहीत. आणि गंमत अशी, की ढ पोरं कशीबशी धडा वाचून येत आणि पहिल्या बाकावरची हुशार मुलंच पाळीपाळीनं कच्ची निघत. याच शितलनं सकाळी प्रार्थनेच्या वेळी भिंगाचं सूत्र धडाधडा म्हणून दाखवलं होतं. तिसऱ्या तासाला तिला काहीच येईना?

मागच्या पायरीला लागून स्टोअररूमची खिडकी होती. तिथल्या कपाटात सहामाहीचे पेपर येऊन पडले होते आणि परीक्षेचं सगळं काम सरांच्या अंगावर होतं. पेपर फुटला तर चौकशी त्यांचीच होणार. पोरीनं घालवलेलं नाव त्यांनी शाळेत कसंबसं सावरलं होतं, तेही जाणार.

मधल्या सुट्टीत नीलम डबा घेऊन आली. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, पण भाजी गार.

"आज पण गार?"

"झाकण ढिलं झालंय, पप्पा."

"अगं, परवाच शिरूरवरून नवा डबा आणलाय मी."

"मग मीच हळू चालत असंन."

"रविवारी दौंडचे पाहुणे येतायत. मुलगा रेल्वेत आहे. शिक्षणाचा विषय निघाला तर तू गप बसायचं, काय सांगायचं ते मी सांगेन."

"बरं," नीलम म्हणाली आणि रिकामी पिशवी घडी करून निघून गेली.

सरांचं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. व्हरांड्यात शितल पहिल्या बाकावरच्या सत्यजीतच्या कानाशी लागली होती. सर दिसताच दोघांनी तोंडं मिटली. सरांनी शितलला हाक मारली.

"वाचून का आली नव्हतीस?"

"इसरले, सर."

"आणि उद्या विसरायची पाळी कुणाची?"

"सत्यजीतची... म्हंजी, मला काय म्हाईत, सर!"

संध्याकाळी सर पोपटरावांच्या मळ्यात गेले. पोपटराव शाळा समितीचे अध्यक्ष, आणि सत्यजीतचे वडील. सरांनी आडपडदा न ठेवता संशय बोलून दाखवला.

"माझ्या पोराव चोरीचा आळ घेताय व्हय, सर?"

"आळ नाही. उद्या तिसऱ्या तासाला या, आपल्या डोळ्यांनी बघा."

"आन् काय न्हाई घावलं तर?"

"तर परीक्षेचं काम मी सोडतो."

"आन् घावलं, तर त्याला शाळंतनं काढा. माझा पोरगा म्हनून गय करू नका." पोपटराव म्हणाले, "तुमच्या पोरीनं तुमचं हसं केलं, आता ह्यो माझं करतोय जनू."

सरांना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तिसरा तास सुरू झाला आणि सत्यजीत आपणहून उठला. "सर, वाचलं न्हाई."

सरांनी त्याला जाऊ दिलं. वर्गाला आकृती काढायला लावली आणि बाहेर थांबलेल्या पोपटरावांना घेऊन ते इमारतीला वळसा घालून मागं गेले.

पायरी रिकामी होती. पण स्टोअररूमची खिडकी बंदच होती आणि तिच्या गजांवरची धूळही कुणी हलवलेली नव्हती. सत्यजीत पुढं, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून उभा होता. हातात वही होती आणि तोंड भिंतीकडं. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी होतं.

"पेपर भाईर देतोय," पोपटराव कुजबुजले.

दोघं दबक्या पावलांनी जवळ गेले. सरांनी पोराचं मनगट धरायला हात उचलला.

"आता सांग, काचेतनं हवेत येताना किरण कुणीकडं वळतो?" सत्यजीत भिंतीला विचारत होता.

"स्तंभिकेपासून लांब," पलीकडून उत्तर आलं. आवाज मुलीचा होता. "पण का वळतो, ते परत सांग. औंदा मार्चला मला पास व्हायचंच हाय."

सरांचा हात तसाच हवेत राहिला.

"आन् जरा लवकर सांग रे सत्या, पप्पांचा डबा गार व्हायला लागलाय."