बंद पट्ट्यांची मोजणी

"लिहा, ईश्वरदास," गोपाळराव म्हणाले. "ही वाजते. ही नाही. एक."

ईश्वरदास मिस्त्रीनं कागदावर एकाचा आकडा काढला. शाळेच्या मोठ्या खोलीत तो लांबरुंद काळा पियानो झाकण उघडून उभा होता. गोऱ्या मॅडम विलायतेला परत जाताना तो मुलींसाठी ठेवून गेल्या, त्याला पाच वर्षं झाली. तेवढ्या काळात आतल्या लोकरीच्या नमद्याला कसर लागली, तारा गंजल्या, काही पट्ट्या मुक्या झाल्या.

मिस्त्री सीताबर्डीवर पेट्या दुरुस्त करायचा; कामठीच्या छावणीतले पियानोही त्याच्या हाताखालून गेलेले. आल्या आल्याच त्यानं सांगून टाकलं होतं, "साहेब, नव्या तारा, नवा नमदा आन् सहा महिने द्या. उभा करून देतो याले."

पण सहा महिने चिटणीस गोपाळरावांना नको होते. पुढल्या महिन्यात सभागृहाच्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते. तिथं कलकत्त्याहून आणलेला छोटा, चकचकीत पियानो ठेवायचा, कुलपात ठेवायचा, पाहुणे आले की उघडायचा. जुना कोणीतरी लाकडासाठी नेईल. कमिटीपुढे फक्त मिस्त्रीच्या हातचा कागद पाहिजे होता: बंद पट्ट्या इतक्या, दुरुस्ती होण्यासारखी नाही.

"मग मुली कशावर शिकतील?" गाणं शिकवणाऱ्या चंद्रकलानं दुसऱ्यांदा विचारलं.

"पेटी आहे की. हे बघा चंद्रकलाबाई, कोष्टीपुऱ्यातून निघून तुम्ही इथवर आलात, आम्हाला कौतुक आहे. पण हे काही हातमागाचं काम नाही."

"हातमागाचंच आहे," ती म्हणाली. "ताण्याचे चार धागे तुटले म्हणून आमच्यात कोणी माग चुलीत घालत नाही. तुटला तो धागा बोटांनी सांधतात, आणि पुढं विणतात."

"आणि इथं कोण सांधून राहिलं?" गोपाळरावांनी तिच्या मोहल्ल्याच्या बोलीत मुद्दाम ओढून विचारलं.

चंद्रकलाचं अर्धं लक्ष खाली होतं. पियानोच्या पायांना बांधलेल्या झोळीत तिचं पाच महिन्यांचं पोरगं झोपलं होतं. वर वाजत असलं की ते निजून राही. वाजणं थांबलं की जागं होई. शाळेतली मैनाबाई झोळीपुढे फतकल मारून बसली होती, आणि चिटणिसांना काही दिसू नये म्हणून तिनं पदर चांगला ऐसपैस पसरला होता.

तेवढ्यात घंटा झाली. व्हरांड्यात पावलं वाजली.

"चला, पुढं," गोपाळराव म्हणाले. "ही वाजते. आणि ही..."

पट्टी टक्कन खाली गेली. आणि खिडकीतून सूर आला. बारीक, पण नेमका त्याच जागेचा.

गोपाळरावांनी मान वळवली. सातवीच्या मुली गज धरून, पट्ट्यांवर नजर ठेवून उभ्या होत्या. दोन वेण्यांची जिजा तोंड मिटत होती.

"हे काय?"

"ती जिजाची पट्टी आहे," चंद्रकला म्हणाली. "जी पट्टी बोलत नाही, ती एकेका मुलीकडे दिली आहे. मी दाबते, ती गाते. दोन वर्षं झाली. एक दिवस गाणं थांबलं नाही."

"पोरींनो, वर्गात जा!"

"आमची पाळी व्हायची आहे सर," एक म्हणाली. कोणी हललं नाही.

गोपाळरावांचे कान लाल झाले. त्यांनी पुढची मुकी पट्टी दाबली. दुसरीच मुलगी गायली. तिसरी दाबली, चौथी दाबली, मग मुद्दाम झटकन पहिलीवर परत आले. पण जिथं बोट तिथं गळा. एकही मुलगी हसली नाही. मिस्त्रीची पेन्सिल एकाच्या आकड्यापाशीच थांबून राहिली होती.

मग गोपाळराव दोन पावलं डावीकडे सरकले आणि त्यांनी अगदी कडेची, सगळ्यांत खालची पट्टी दाबली.

टक्.

खिडकीत सामसूम. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्या पट्टीला मुलगी नेमलेलीच नव्हती. इतक्या खाली मुलीचा गळा जातच नाही.

"बघा," गोपाळराव म्हणाले, आणि पुन्हा दाबली. टक्.

झोळी हलली. "बाई," मैनाबाई कुजबुजली, "पोरगं उठून राहिलं वं."

आणि पियानोच्या पोटातून आवाज निघाला. जाड, खरबरीत, बेंबीपासूनचा. ईश्वरदास झाकणाखाली तारांवर वाकलेला होता. श्वास पुरेपर्यंत त्यानं तो सूर सोडला नाही. त्याच्यासंगं गंजलेल्या ताराही जराशा घुमल्या. झोळी हलायची थांबली.

मिस्त्री सरळ झाला. थुंकी लावून त्यानं एकाचा आकडा पुसला, खाली काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद गोपाळरावांच्या हातात दिला.

"बंद पट्ट्या एकबी नाही, साहेब."

पेन्सिल कानावर खोचून तो चंद्रकलाकडे वळला.

"बाई, उद्या पोरी किती वाजता येते? नव्या तारा येईस्तोवर माही पट्टी मलेच सांभाळा लागन."