डोंगराचं माप

"अजून मागे!" पुष्कर ओरडला.

तुकोजी मागे सरकला. तिघऱ्याच्या धरणापुढची ही टेकडी दोघांच्याही पायाखालची. शरदाचं ऊन पडलं होतं, उतारावर कासाचं गवत पांढरं फुललं होतं आणि त्यात तुकोजीचा लाल स्वेटर. ग्वाल्हेरला या दिवसांत घाम फुटतो, पण दर वर्षी तो हा स्वेटर चढवूनच यायचा, कारण पुष्करला फोटोत लाल रंग हवा असायचा.

पद्धत ठरलेली होती. पुष्करने डोंगर टिपायचे आणि तुकोजीने डोंगराकडे तोंड करून लांब उभं राहायचं. फोटोत माणूस नसला की डोंगर केवढा ते कळत नाही, खडी-गिट्टीच्या ढिगासारखा दिसतो, असं पुष्करचं म्हणणं. तुकोजीने ते पहिल्याच वर्षी मान्य केलं. कुरकुर मात्र करायचा. "घरची म्हणते, इतके फोटो काढता, त्यात तुमचं तोंड दिसेल असा एक तरी आणा!"

दसऱ्याला सोनं देता देता त्याने सांगून टाकलं होतं. दौलतगंजातलं दुकान विकलं, आता पुण्याला, उत्कर्षकडे. मुलाकडे म्हणजे कायमचंच. गाडीची तारीखही ठरली होती. तेव्हा पुष्कर "छान झालं" म्हणाला होता. तोंडातून गेलं ते गेलं. तेव्हापासून तो रोज ठरवायचा की आज सांगायचं, तू गेलास तर मला या गावात कुणी नाही. त्यासाठीच तर आजची ही फेरी काढली होती. पण रस्ताभर तो लेन्सबद्दल बोलला आणि कचोऱ्या खाताना हवेबद्दल. ऑफिसात साहेबाला चार शब्द सुनावणारा हा माणूस, पण मनातलं बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. ती आजही बसली होती.

"अजून थोडं मागे!"

लाल ठिपका थांबला. मग वळला.

"अजून किती मागे जाऊ, यार?" तुकोजी तिकडून ओरडला. "परवा तर पुण्यालाच चाललोय!"

पुष्करने कॅमेरा डोळ्याला तसाच लावून ठेवला. आतलं काही धड दिसत नव्हतं, तरी बटण दाबत राहिला.

"ये परत," शेवटी तो म्हणाला. "पुढे ये. आज तोंड इकडे कर."

तुकोजी धापा टाकत आला. तळव्याने केस बसवले आणि आधार कार्डासाठी बसवतात तसा ताठ झाला. पुष्करने हसायला सांगितलं, तर आणखीच ताठ झाला.

"चला, घरची खूश होईल एकदाची," फोटो झाल्यावर तो म्हणाला. "बस ना आता? उन्हानं जीव घेतला." स्वेटर काढून खांद्यावर टाकत तो गाडीकडे उतरला.

पुष्कर थोडा वेळ मागेच राहिला. रिकाम्या टेकडीचा एक फोटो त्याने काढला आणि मग तोही खाली आला.

गाडीत बसताच तुकोजीने नेहमीप्रमाणे कॅमेरा मागून घेतला. पडद्यावर सगळ्यात शेवटचा फोटो होता. त्याने तो जवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला.

"हे काय आहे रे? मतलब, टेकडी आहे की गिट्टीचं ढेर, काही समजतच नाही."

पुष्करचा हात किल्लीवर तसाच राहिला.

"तेच," तो म्हणाला. "तेच सांगायचं होतं तुला सकाळपासून."