यंत्राची भूक

हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारं कारखान्याच्या आवारातलं यंत्र सकाळपासून घरघरत होतं, पण पडद्यावरचा आकडा काही केल्या वर सरकत नव्हता. यंत्र जिनं उभं केलं ती इंजिनिअर पंखे तपासून आली, गाळण्या बदलून आली आणि शेवटी तिनं पडद्याला दोन चापट्या मारून पाहिल्या. एवढी शिकलेली मुलगी, पण घाबरल्यावर सगळे सारखेच. दुपारी पैसे पुरवणाऱ्या कंपनीच्या बाई पाहणीला येणार होत्या. त्यांना आकडा पटला तर अशी आणखी यंत्रं बसणार होती, नाही तर हेसुद्धा भंगारात आणि तिच्या हाताखालची मंडळी घरी.

"यंत्र ठणठणीत आहे गं," भट्टीचे फोरमनकाका दारातून म्हणाले. "उपाशी आहे बिचारं."

"म्हणजे?"

"वारा फिरलाय. एक नंबरच्या भट्टीचा धूर आज पलीकडे जातोय. तू चाचण्या घेतल्यास तेव्हा तो रोज याच्या तोंडात येत होता."

म्हणजे इतके दिवस ज्या आकड्यावर सगळे खूश होते, तो कारखान्याच्याच धुराचा होता. हवा यंत्रात कुठून शिरते हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. त्या हवेत काय मिसळतंय हे पाहायचं मात्र राहून गेलं होतं.

"दोन नंबर पेटवू या," काका म्हणाले. "तिचं धुराडं बुटकं आहे. धूर सरळ खाली उतरतो, वारा कसाही असो."

"काका, ती आपण बंद केलीय."

"आपण नाही, तू बंद करायला लावलीस. साहेबांचं डोकं खाऊन. आधी जाळणं कमी करा, मग उरलेलं शोषून घेऊ, म्हणत होतीस ना? मी काही विसरलेलो नाही." ते जवळ आले. "आजच्यापुरतीच गं. पाहुणे गेले की विझवतो. बाबांना तेवढा फोन कर."

कुंपणाच्या भिंतीपलीकडेच कामगारांची वसाहत होती. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत तिचे बाबा खुर्ची टाकून बसलेले इथून दिसत होते. दोन नंबरच्या भट्टीत कोळसा घालण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि छातीही. भट्टी विझली तशी त्यांची खुर्ची खोलीतून गॅलरीत आली होती. बाहेर बसलं की हल्ली नाकात ऑक्सिजनची नळी लागत नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत.

तिनं काकांकडे न बघता मान डोलावली आणि फोन लावला.

"बाबा, आज जरा आत बसता का?"

"का गं?"

"ऊन आहे."

"ऊन कुठलं? आभाळ आलंय की!" ते हसले. "तू तुझं काम बघ. छान हवा सुटलीय."

खरं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मागून कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवून दिला. हाक आली नसती तरी तिनं तो ठेवलाच असता.

पाहुण्या बाई आल्या तेव्हा आकडा भराभर चढत होता. हाताखालच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी खुशीत येऊन इंजिनिअरची ओळख 'आमची मुलगीच' अशी करून दिली. तिनंही टाळ्या वाजवल्या.

बाई खिडकीशी गेल्या. "त्या छोट्या धुराड्याची भट्टी तुम्ही बंद केलीत असं कळवलं होतंत ना?"

साहेबांचा चेहरा पडला. "हो, म्हणजे आज जरा..."

"अहो, घाबरता कशाला? चालू राहू दे ना! धूर ओढायला हे आहेच की आता." बाईंनी यंत्रावर हात ठेवला, गुणी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "खरं ना?"

हे तिला विचारलं होतं. साहेब तिच्याकडे बघत होते, मंडळी बघत होती, दारातले काका मात्र जमिनीकडे बघत होते.

"आकडा..." ती म्हणू लागली.

"आकडा उत्तम आहे," बाई म्हणाल्या.

भिंतीपलीकडे बाबा गॅलरीत उठून उभे राहिले होते. तोंडावर पंचा धरून ते बुटक्या धुराड्याकडे एकटक बघत होते. मग त्यांनी खुर्ची उचलली, दोनदा खाली टेकवत आत नेली आणि दार लावून घेतलं.