पाय पूर्वेला

“म्हणजे तुमच्यात पाप केलं तर पाद्र्याला सांगावंच लागत नाही?” मॅलकीनं परत विचारलं. मागच्या मंगळवारीही त्यानं हेच विचारलं होतं.

“नाही रे बाबा,” वेस्ली म्हणाला. “थेट देवाला सांगायचं. मधे माणूस कशाला?”

“आणि देव माफ करतो?”

“मनापासून सांगितलं तर करतो.”

“स्वस्तात सुटता की लेको!” मॅलकी हसला आणि त्यानं चहाचा कप उचलला.

टिरोन परगण्यातल्या त्या खेड्यात, बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात, मंगळवारी दुपारी ही मंडळी जमायची. निम्मे कॅथलिक, निम्मे प्रोटेस्टंट. नोरीननं हे सुरू केलं होतं. नियम एकच. दुसऱ्याच्या धर्माबद्दल विचारायचं, टोचायचं नाही. कुणी टोचलं की नोरीन त्याच्यापुढची केकची बशी उचलून घ्यायची. केकपायी भलेभले सरळ झाले होते.

वेस्ली गॉल्ट प्रोटेस्टंट, मॅलकी देवनी कॅथलिक. दोघांची शेतं लागून. उभा जन्म कुंपणावरून नुसता हात हलवला. बोलायला लागले ते म्हातारपणी, इथं.

“मेलेल्यांसाठी आम्ही मेणबत्तीबिणबत्ती लावत नाही,” वेस्ली सांगत होता. “प्रार्थनाही नाही. गेला तो देवाच्या हवाली.”

“गार झोपवता बिचाऱ्यांना.”

“मॅलकी, बशी उचलू का?” नोरीन म्हणाली. “सारखं काय आहे दोघांच्यात, ते सांगा की कधीतरी.”

वेस्लीनं जरा विचार केला. “पाय. पुरताना दोघांचेही पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी उठला की तोंड उजेडाकडं पाहिजे.”

“बघा!” नोरीन म्हणाली. “मेल्यावर एका दिशेला वळता. जिवंतपणी काय धाड भरते?”

सगळे हसले. मॅलकी हसला नाही.

तो का हसला नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं. कॅथलिक नि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते त्या वाईट वर्षांत दोन्हीकडची माणसं मारली जात होती, कधी परक्यांकडून, कधी आपल्यांकडूनच. तशातच एका हिवाळ्यात त्याचा धाकटा भाऊ कोलम घरातून निघाला तो परत आलाच नाही. पोलिसांना बातम्या पुरवतो, अशी त्याच्याबद्दल कुजबुज होती. त्याचा देह कधी मिळाला नाही. दर उन्हाळ्यात पाद्री सगळ्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरायचा. घरोघरची माणसं आपापल्या कबरीशी उभी राहायची. मॅलकीची आई नुसती कबरस्तानाच्या फाटकाशी उभी असायची.

“आई कशी आहे?” नोरीननं हळूच विचारलं.

“शेवटचंच चाललंय. पण मरत नाही. म्हणते, कोलम शेजारी आल्याशिवाय मला पुरू नका. मागच्या दाराला कडी लावू देत नाही अजून.” मॅलकीनं कप खाली ठेवला. “रात्री ओल्या बुटांचा आवाज येतो, स्वयंपाकघरात. आई म्हणते, आला बघ. मी उठून बघत नाही.”



आज सांगायचंच, असं ठरवून वेस्ली आला होता.

बैठक सुटल्यावर त्यानं मॅलकीला गाडीत घेतलं. गाडी घराकडं न नेता आपल्या मालकीच्या दलदलीच्या कडेला उभी केली. वाळवून जळणाला वापरायची माती कापून कापून सगळीकडं काळे खड्डे पडले होते. एकच कोपरा तसाच होता, गवत माजलेला, मधे एक वाकडं काटेरी झाड. पाऊस भुरभुरत होता.

“इथं कशाला आणलंस?” मॅलकीनं विचारलं.

“ऐकून घे. मग काय मारायचं ते मार.” वेस्लीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. “माझा बाप त्या काळात रात्री आमच्या लोकांबरोबर बंदूक घेऊन गस्तीला जायचा. तुला माहीत आहे. त्याच हिवाळ्यात तो मला म्हणाला, त्या कोपऱ्याला फावडं लावायचं नाही. का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. भ्यालो.”

मॅलकी काचेतून बाहेर बघत राहिला.

“बाप गेल्यावर मी त्या झाडाखाली गेलो. मुळाशी मेणाचा गोळा होता, थरावर थर. बापानं माझ्या आईसाठी कधी मेणबत्ती लावली नाही, मॅलकी. मग ही कुणासाठी? कुणाला भिऊन तो आपला धर्म मोडत होता?” वेस्लीचे डोळे भरले. “कोलम तिथं आहे. माझ्या बापानं केलं ते. तेव्हाच्या बेपत्ता माणसांचे देह शोधतात, त्या पथकाला मी उद्या बोलावतो. तुझ्या आईला तिचं पोर मिळू दे.”



मॅलकीनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“तुझा बाप देवमाणूस होता,” तो म्हणाला. “मेणबत्ती त्याची नव्हती. त्याच हिवाळ्यात एकदा मी तिथं गुडघ्यावर असताना तो आला. टोपी काढून उभा राहिला नि गेला. मरेपर्यंत कुणाला बोलला नाही.”

वेस्लीनं वळून त्याच्याकडं पाहिलं. “पण… तुला ठाऊक होतं तर एवढी वर्षं आईला…” मग झाडाकडं बघत तो म्हणाला, “कोपरा मोठा आहे रे. ते लोक खणणार कुठून?”

“झाडाच्या बुंध्यापासून,” मॅलकी म्हणाला. “डोकं तिथं आहे. पाय पूर्वेला. तेवढं तरी मी नीट केलं.”