मिठाची गुळणी

"विमान उडवायचंय आणि तोंडात मिठाची गुळणी?" कॅप्टनने फाईल टेबलावर आपटली.

समोर बसलेली सहवैमानिक मुलगी काहीतरी पुटपुटली. हल्ली सगळ्या अशाच पुटपुटतात. घरी बायकोसुद्धा.

कॅप्टन कंपनीच्या प्रशिक्षणाचा आणि सुरक्षेचा प्रमुख. त्याची परीक्षा बदनाम होती. जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये तो स्वतः डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसायचा आणि मुद्दाम विमान धावपट्टीच्या अलीकडेच खाली घालायचा. शेजारच्याने 'गो अराउंड' म्हणायचं. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. साहेबाला अडवायचं. गप्प बसला की नापास.

"साहेबाची भीड धरली की माणसं मरतात," असं तो प्रत्येक वर्गात सांगायचा. खोटं नव्हतं ते. यंदा सात नापास झाले. त्यातल्या सहा मुली.

"यांच्या घशालाच काय होतं, कोण जाणे," तो शेजारी बसलेल्या संचालकांना म्हणाला.

ही मात्र चिवट निघाली. दुसऱ्यांदा नापास म्हणजे नोकरी गेली, तरी निकालावर सही करेना. परीक्षेचं रेकॉर्डिंग सर्वांसमोर लावा, असं तिने लेखी दिलं होतं. आजवर कुणाची ही मागणी करायची छाती झाली नव्हती.

"लावू?" संचालकांनी खर्जात विचारलं.

"लावा की. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौसच आहे बाईंना."

रेकॉर्डिंग सुरू झालं. कोपऱ्यातल्या कारकून बाई शब्द न् शब्द लिहून घेऊ लागल्या. इंजिनांची घरघर. कॅप्टनचा स्वतःचा आवाज: "उतरतोय." पुन्हा घरघर, बराच वेळ. मग जमिनीवर आदळल्याचा दणका.

"झालं समाधान?" कॅप्टन हसला. "आता कर सही."

मुलगी हलली नाही. संचालक तिच्याकडे नव्हे, कॅप्टनकडे बघत होते.

"पुन्हा ऐकायचंय?" त्यांनी विचारलं.

"काय ऐकायचं? आहे काय त्यात?"

कारकून बाईंचे ओठ हलले.

"नीट बोला हो," कॅप्टन खेकसला. "तुम्हालाही लागण झाली का?"

बाईंनी हातातला कागद त्याच्यापुढे सरकवला.

कॅप्टन: उतरतोय.
सहवैमानिक: गो अराउंड.
सहवैमानिक: सर, गो अराउंड.
सहवैमानिक (किंचाळून): सर, किती वेळा सांगू, वर घ्या!