नवव्या पानावरचा खुनी

चौऱ्याहत्तर साली सोलापुरात कल्लप्पाला वाचनालयातली एक रहस्यकादंबरी तीन आठवडे थांबून मिळाली. कापडदुकानातून घरी येऊन त्यानं ती उघडली, तर नवव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं: ‘खून कंपाउंडरनं केला.’

त्याचा नुसता संताप झाला. तरी चिडचिडत त्यानं पुस्तक संपवलं, आणि शेवटच्या पानावर उडालाच. खुनी भलताच निघाला होता! खुशीत येऊन त्यानं कंपाउंडर खोडून टाकला, तिथं ‘खून धाकट्या सुनेनं केला’ असं लिहिलं आणि पुस्तक बायकोच्या, महादेवीच्या हातात दिलं.

“कुणा मेल्यानं लिवलंय हे? सगळी मजा घालवली की!” महादेवी कडाडली. कल्लप्पानं तोंडात टॉवेल कोंबला.

दोन दिवसांनी पुस्तक संपलं, धाकटी सून निर्दोष निघाली, तेव्हा ती पोट धरून हसली. मग तिनं नवऱ्याकडून खोडरबर मागून घेतलं, आणि पुस्तक स्वतःच वाचनालयात देऊन आली. पुढचा नंबर रेवणप्पांचा होता.

आठवड्याभरात रेवणप्पा दुकानात हजर. “कल्लप्पा, ती कादंबरी तुमी वाचलीय न्हवं? खून टांगेवाल्यानं केला म्हणून कुणीतरी लिवलंय. दीडशे पानं झाली, त्यो टांगेवाला अजून कसा आला न्हाय?”

“येईल की,” कल्लप्पा कसाबसा म्हणाला. “वाचत ऱ्हावा.”



अख्ख्या कादंबरीत टांगेवाला नव्हताच.